डोळा नको, कान ठेवा

अमरावती

मिहीर आणि सई, तुमच्या आईने फोनवर विचारलं की या वयात झरी जामणीच्या जंगलात जाण्याची मला काय गरज होती. गरज होती, पण ती फोनवर सांगण्यासारखी नव्हती, आणि तिकडे परदेशात तुमची सकाळ नेहमी घाईची असते. आता परत येऊन कपडे धुऊन झाले, पिशव्या झटकून झाल्या, तेव्हा पहिल्यापासून क्रमाने लिहिते.

तुमची शलाकामावशी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, माहितीपट काढते. माहितीपटात नट नसतात, पाठ केलेले संवाद नसतात. जे आहे ते दाखवायचं असतं. निदान तशी समजूत असते. झरी तालुक्यात कोळशाची एक उघडी खाण आहे. ती पसरत चालली आहे आणि तिच्यापायी गावं उठवली जात आहेत, यावर शलाकाचं काम चाललं होतं. खाणीच्या वाढीवर यवतमाळला जनसुनावणी व्हायची होती. त्याआधी तिला माहितीपट दाखवायचा होता. तिची बाजू कोणती हे तिने कधी लपवलं नाही. माझीही साधारण तीच होती. इंग्रजी निवेदन मी लिहावं असं ठरलं. जन्मभर इंग्रजी शिकवलं, तेवढं मला येतं.

तिने लॅपटॉपवर सुरुवात दाखवली. भर दुपारचं ऊन, मातीच्या घरांची एक छोटी वस्ती, आणि कॅमेरा एखाद्या माणसाच्या चालीने दारोदार फिरतो आहे. माणूस कुठेच नाही. कुत्रं नाही, कोंबडी नाही. सगळी दारं सताड उघडी. प्रत्येक उंबऱ्यावर पांढऱ्या राखेचा एकसारखा थर, जणू कुणी रांगोळी घालायला जमीन तयार केली आणि उठून गेलं. चुली थंड. एका आढ्याला लुगड्याचा पाळणा टांगलेला, आत मूल नाही, आणि तो किंचित हलतो आहे. शेवटी एका निळ्या दारातून कॅमेरा अंधाऱ्या खोलीत शिरतो आणि चित्र तुटतं. मला वाटलं, जरा लवकर तुटलं.

"इथे वाक्य हवं," शलाका म्हणाली. "हे गाव रिकामं करण्यात आलं आहे."

मी तिला सांगितलं की न पाहिलेल्या गावाबद्दल मी एक वाक्यही लिहिणार नाही. ती हसली. म्हणाली, मावशी, तू अजून पेपरच तपासतेस. खरं तर तिनेही ते गाव आतून पाहिलं नव्हतं. गेल्या वर्षी पळस फुलले होते तेव्हा ती यवतमाळला तापाने पडून होती, आणि कॅमेरावाला एकटा जाऊन हे चित्रण करून आला होता. गावात चिटपाखरू नाही, इतकंच त्याने सांगितलं. शेजारचं गाव खाणीसाठी उठलेलं होतंच, त्यामुळे हेही उठलं असं तिने धरलं. लोकांच्या मुलाखती तिने सगळ्या नव्या वसाहतीत घेतल्या. कॅमेरावाला पुढे दुसऱ्या कामावर गेला.

आता तिला त्या गावाची शांतता ध्वनिमुद्रित करायची होती. शांतता इथे मिळत नाही का, असं मी विचारलं. म्हणाली, प्रत्येक ठिकाणची वेगळी असते, आणि कान असलेल्या माणसाला खोटी लगेच कळते. मग मीही निघाले.

झरीच्या वाटेवर

यवतमाळपर्यंत एसटीने आणि पुढे जीपने. जीप प्रेमसिंगची. तो दारव्ह्याजवळच्या बंजारा तांड्यावरचा. घरच्यांशी फोनवर गोरबोलीत बोलायचा आणि आमच्याशी वऱ्हाडीत. मला तो याडी म्हणू लागला. आमच्यात आईले याडी म्हणते, असं त्याने आधी समजावून सांगितलं, मी रागावेन की काय म्हणून. पहिल्याच खड्ड्याला माझ्या थर्मासचं झाकण उडालं आणि चहा माझ्या पदरावर आला. त्याने गाडी थांबवून आम्हाला आलुबोंडे खाऊ घातले, वर झणझणीत तर्री. तुमच्या आजोबांना तसली तर्री फार आवडायची. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ते तिखटाचं होतं.

आम्ही कशाला आलो हे कळल्यावर प्रेमसिंग म्हणाला, "याडी, इकडं फिल्मवाले लय येते. कंपनीची फिल्म निंगाली तवा मीच गाडीवर होतो. त्यायचा साहेब लोकायले म्हणे, हसा. मंग दुसरे आले, ते म्हणे, हसू नका. आता लोकं हुशार झाले. गाडी थांबली का पयले इचारते, आज हसाचं हाय का नाई?"

शलाकाही हसली.

दुपारी खरोखर उठवलेलं गाव लागलं. भिंती उभ्या होत्या. छपरं, दारं, चौकटी लोकांनी काढून नेलेल्या. घरांच्या आत गवत आणि गवतात शेळ्या. एक माणूस सायकलवर पोतं बांधून चिंचा गोळा करत होता. तुम्ही इथले का, म्हणून विचारलं. "होतो," तो म्हणाला. "घर नेलं. चिंच नाई ना नेता येत संगं." पोतं भरून तो शीळ घालत निघून गेला.

शलाका मला म्हणाली, "पाहिलंस ना? हे खरं उठलेलं गाव. पण कॅमेऱ्यात हे पडकं दिसतं, रिकामं दिसत नाही. शेळ्या, चिंचा, शीळ. तो दुसरा शॉट लावला की बघणारा गप्प होतो."

"म्हणजे या गावाचं दुःख त्या गावाच्या चेहऱ्याने दाखवायचं?"

"आज ना उद्या दोन्हीकडे तेच होणार आहे, मावशी."

ती खोटं बोलत नव्हती, हीच अडचण होती.

पोड

कोलाम लोकांच्या वस्तीला पोड म्हणतात. वळण घेतलं आणि आधी धूर दिसला. मग कोंबड्यांचा आवाज आला. शलाकाने प्रेमसिंगच्या खांद्यावर हात ठेवून गाडी थांबवायला लावली, आणि आम्ही तशाच बसून राहिलो.

तेच गाव होतं. तो कडुनिंब, तो वाकडा खांब, ते निळं दार. मी ते इतक्या वेळा पाहिलं होतं की डोळे मिटून चालत गेले असते. फक्त आता त्यात माणसं होती. एक बाई हापशीवर गुंड भरत होती. म्हातारे कडुनिंबाखाली बसले होते. लुगड्याच्या पाळण्यातून एक इवलासा पाय बाहेर आला होता. तुम्हाला हसू येईल, पण मला त्या हसत्या-बोलत्या माणसांची भीती वाटली. माझ्या डोळ्यांना गाव ओळखीचं होतं आणि माणसं मागून आलेली. जणू जिथे कुणी नसायला हवं तिथे ती चुलीशी बसून भाकरी थापत होती. एवढं मात्र नजरेला आलं की चित्रात भिंती नव्याने सारवलेल्या होत्या आणि आता त्यांचे पोपडे गळत होते. छपरंही कुणी शाकारली नव्हती.

निळ्या दाराशी माझ्याच वयाची एक बाई तुरीच्या शेंगा सोलत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. शलाकाच्या खांद्यावरच्या कॅमेऱ्याच्या पिशवीकडे पाहिलं आणि सूप उचलून ती आत गेली.

लेतू नाईक हा पोडाचा प्रमुख. वाळका, शांत माणूस. त्याने बाज टाकली, काळा चहा दिला. चांगल्या वेळेला आलात, म्हणाला, उद्या आमचं गाव खाली असते. मग त्याने सांगितलं ते असं. होळीच्या आधीच्या पंधरवड्यात एक दिवस या पोडावर गाव देवाला देतात. चुली विझवतात, कुत्री-कोंबड्यांसकट सगळा जीव ओढ्यापलीकडे नेतात. दारं उघडी ठेवतात आणि उंबऱ्यावर चुलीतली राख चाळून पसरतात. त्या दिवशी देव घराघरात जाऊन पाहतो. कुणी मागे राहायचं नाही, मागे वळून पाहायचं नाही. संध्याकाळी परत यायचं आणि राखेत काय उमटलं ते पाहून साल कसं जाईल ते ठरवायचं. कधी पाखराचा पाय असतो, कधी सरड्याची रेघ. पुष्कळदा काहीच नसतं.

"मागच्या साली बूट उमटले," नाईक म्हणाला.

शलाकाचा कप हातातच राहिला.

"दारोदार. आत गेलेले, बाहेर आलेले. आमच्यात बूट कोन घालते, माय? बूट खदानवाल्यायच्या पायात. देव त्यायचे बूट घालून आला. म्हंजे त्यानं गाव त्यायले देऊन टाकलं."

तेवढ्यात लांब भोंगा वाजला. नाईक बोलायचा थांबला. हापशीवरची बाई थांबली, म्हातारे थांबले. मग जमिनीतून एक हुंकार आला, कौलं थरथरली, माझ्या कपातल्या चहावर वर्तुळं उमटली. खाणीतला सुरुंग. तो संपल्यावर सगळे जिथे थांबले होते तिथून पुढे बोलू लागले, जणू मधला तुकडा कुणी कापून टाकला होता.

म्हणून भिंती सारवल्या नव्हत्या. देवाने दिलेल्या गावाला कोण सारवणार? खाणीकडून संमतीचे कागद येऊन पडले होते, आणि यंदाची राख पाहून सगळ्या घरांनी मिळून अंगठे द्यायचे असं ठरत आलं होतं. "मानसानं मागतलं असतं तं भांडलो असतो," नाईक म्हणाला. "देवानंच देल्लं, तं कोनासंग भांडाचं?"

आमचा मुक्काम शाळेच्या खोलीत होता. दार लोटल्यावर शलाका खाली सतरंजीवर बसली आणि म्हणाली, कॅमेरावाल्याच्या पायात जाड बूट होते. ते मी ओळखलंच होतं. सांगून टाक, मी म्हटलं. तिने खूप कारणं सांगितली. सांगितलं तर लोक हाकलून देतील. माहितीपटाची सुरुवातच खोटी ठरेल, आणि सुनावणीत खाणवाले तेवढंच धरून बसतील. बाकीचं सगळं खरं असलं तरी. शेवटी म्हणाली, उद्या राख कोरी निघेल, लोकांचा गैरसमज आपोआप जाईल.

ओढ्यापलीकडे

सकाळी चुलींवर पाणी पडलं तेव्हाचा चर्र असा आवाज घराघरातून आला. शलाका ध्वनिमुद्रणाचं छोटं यंत्र घेऊन नाईकाकडे गेली. हे दिवसभर इथे ठेवू का, कॅमेरा नाही, फक्त आवाज, असं तिने विचारलं. निदान या वेळी विचारलं.

नाईकाने ते हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. "डोळा नको," तो म्हणाला. "कान ठेवा. पन त्यात जे ऐकू येईन ते आमाले सांगाचं नाई. आमी मांघं पाह्यत नाई, तसं मांघं ऐकतबी नाई."

आम्ही दोघींनी हो म्हटलं. यंत्र शाळेच्या ओसरीवर खुंटीला टांगलं आणि सगळ्यांबरोबर निघालो.

आपण बाहेर जाताना कुलूप लावून दोनदा ओढून पाहतो. तुमच्याकडे तर कुणी घुसलं की दारच ओरडतं. इथे एक अख्खं गाव दारं उघडी टाकून चाललं होतं. पाळणासुद्धा आढ्यावरून सोडून बरोबर घेतला होता, आणि बाळाच्या आईने तो ओढ्याकाठच्या पळसाला बांधला. पळस असा फुलला होता की फांदीवर पान नव्हतं. सगळे गावाकडे पाठ करून बसले. पळसाच्या साठवलेल्या वाळक्या पानांत गुंडाळून विस्तवात भाजलेले पानगे, तुरीच्या सोल्यांची आमटी, हिरव्या मिरच्यांचा ठेचा. जेवण उत्तम होतं, पण माझी मान सारखी आखडत होती. मागे वळायचं नाही असं ठरलं की पाठीला डोळे फुटतात.

दुपारी भोंगा झाला, सुरुंग झाला. आणि आमच्या पाठीमागे, त्या रिकाम्या गावाची सगळी कौलं एकदम वाजली. बंद कपाटातली भांडी वाजावीत तशी. एकानेही मान वळवली नाही.

निळ्या दाराची बाई माझ्याजवळ येऊन बसली. तिचं नाव भीमाबाई, विधवा, घरात एकटी. थोडा वेळ ती माझी चप्पल पाहत होती. मग हळूच म्हणाली, "बाई, तुमच्या पोरीच्या मशीनीत मी हाय काय?"

गेल्या वर्षी ती मागे राहिली होती. आजारी नव्हती, काही नव्हतं. कणगीमागे लपून बसली. "जलमभर ज्याच्यासाठी चूल इझवली," ती म्हणाली, "त्याले एकडाव पाहू म्हनलं. बुढा तं न पाह्यताच गेला."

आणि तो आला. हळूहळू, न बोलता, प्रत्येक दाराशी थांबत. तिला पावलं ऐकू येत होती. तिच्या दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या तोंडाच्या जागी काळं काहीतरी होतं आणि त्यात एक गोल डोळा. ती उठून उभी राहिली. तो ओरडला, अडखळला, त्याची टोपी पडली.

"टोपी उचलाले वापस फिरला," भीमाबाई म्हणाली. "तवा मले समजलं. देव कायले टोपी उचलते?"

ते बूट माणसाचे होते हे पोडावर तिला एकटीला माहीत होतं, आणि वर्षभर ती गप्प होती. सांगितलं असतं तर लोकांनी आधी विचारलं असतं, तू कुठे होतीस? मागे राहून पाहणाऱ्याला पंगतीतून उठवतात. पंगतीतून उठलेल्या म्हातारीच्या घरी पाणी प्यायलासुद्धा कुणी येत नाही. आज संध्याकाळी राख कोरी निघाली की सगळं मिटेल ना, असं मी तिला विचारलं.

"कोरी निंगाली तं म्हनतीन, देऊन टाकलं अन् देव निंगून गेला. बूट निंगाले तं म्हनतीन, पक्कं झालं. दोन्हीकून जानंच हाय." तिने पानग्याचं जळकं पान उलगडून बाजूला ठेवलं. "पोरीले म्हना, ते दाखव लोकायले. पन मी दिसाच्या आंधी बंद कर."

मी शलाकाला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. ती पळसाच्या बुंध्याची साल सोलू लागली.

"मी तिला पाहिलं होतं," ती म्हणाली. "मूळ चित्रणात ती आहे. वाटलं, मागे राहिलेली कुणी भ्रमिष्ट असेल. रिकामेपण बिघडत होतं, म्हणून तिथेच कापलं."

तेव्हा मला कळलं की चित्र लवकर का तुटलं होतं.

ऊन उतरल्यावर परतलो. नाईक पुढे, बाकीचे मागे. तो एकेका उंबऱ्याशी वाकायचा आणि पुढच्या दाराकडे जायचा. राख कोरी होती. सगळ्या दारी कोरी; पाखराचाही पाय नव्हता. स्वतःच्या दाराशी नाईकाने राख तळहाताने एका बाजूला सारली.

"गेला," तो म्हणाला.

शाळेची खोली

दुसऱ्या दिवशी सकाळी शलाकाने सगळ्यांना शाळेत बोलावलं. खिडक्यांना पोती लावून अंधार केला. मास्तरांच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला. चित्र सुरू करण्याआधी ती उभी राहिली आणि तिने सरळ सांगितलं की गेल्या वर्षीचे बूट तिच्या माणसाचे होते, तो न विचारता घराघरात गेला होता, आणि तिने ते चित्र गाव उठलं म्हणून दाखवायचं ठरवलं होतं. लोक लॅपटॉपकडेच पाहत राहिले. बोलण्यावर विश्वास ठेवायची सवय त्यांना फिल्मवाल्यांनीच राहू दिलेली नव्हती.

मग मूळ, न कापलेल्या चित्रणातलं गाव दिसू लागलं.

जन्मभर ते दरसाल ज्याच्याकडे पाठ करून बसले होते ते त्यांच्यासमोर होतं. कॅमेरा एकेका दारातून आत पाहत होता आणि ती माणसं श्वास धरून स्वतःच्या घरात पाहत होती, जिथे ती नव्हती. "माही चूल," एक बाई पुटपुटली. पाळणा आला, रिकामा, किंचित हलणारा. बाळाच्या आईने मांडीवरचं मूल छातीशी ओढलं. मागून एक म्हातारा कुणालाच उद्देशून नाही असा म्हणाला, "आपुन मेल्यावर असंच दिसन, नाई?"

मग एका भिंतीवर टोपीवाल्या माणसाची सावली पडली, आणि चित्राच्या खालच्या कडेला बुटाचं टोक राखेत रुतताना दिसलं. खोलीत कुजबुज झाली. नाईक पुढे सरकला. शलाकाने तेवढा भाग पुन्हा दाखवला. सावली, टोपी, बूट.

निळं दार आलं. शलाकाचा हात बटणावर होता. कॅमेरा अंधारात शिरला आणि तिने चित्र थांबवलं, अगदी तिथेच जिथे आधी कापलं होतं.

"झालं?" नाईकाने विचारलं.

शलाकाला होय म्हणता येईना. नाही म्हटलं तर भीमाबाईचा शब्द मोडत होता. ती माझ्याकडे पाहू लागली. एकच कात्री; एकदा तिने खोटं बेतलं होतं, आता तिनेच एका बाईची पंगत राखायची होती.

"नाई झालं," मागच्या भिंतीपासून आवाज आला. भीमाबाई उभी होती. "पुढं जाऊ दे, पोरी."

शलाकाने बटण दाबलं. अंधारात काहीतरी फिकट हललं आणि एक चेहरा वर आला, थेट आमच्याकडे पाहणारा. तो घाबरलेला नव्हता. मी इतकी आशा कुठल्याच चेहऱ्यावर पाहिलेली नाही. सगळ्या खोलीकडे ती अशी पाहत होती की जणू तो देव आम्हीच होतो. मग चित्र हिंदकळलं. आभाळ, माती, बूट, टोपी उचलणारा एक हात. संपलं.

पोतं बाजूला करून कुणीतरी उजेड घेतला. नाईक वळला नाही. पडद्याकडे पाहतच त्याने विचारलं, "तू पाह्यलं?"

"पाह्यलं," भीमाबाई म्हणाली.

"कसा होता?"

"भेलेला होता. माह्याऊन जास्त."

आधी एक पोरगी हसली, मग तिची आई, मग म्हातारे. नाईक हसला नाही. हसणं ओसरेपर्यंत थांबला आणि म्हणाला की होळीपर्यंत भीमाबाईने पंगतीत बसायचं नाही. "हौ," ती म्हणाली, आणि खाली बसली. होळी जवळच होती. नाईकाला हे माहीत नव्हतं असं मला वाटत नाही.

मग तो सगळ्यांना म्हणाला, "देवानं गाव देल्लं नाई. आता द्याचं का नाई ते आमी पाहू."

निघताना शलाकाने विचारलं, हे चित्र माहितीपटात ठेवू का? भीमाबाई म्हणाली, ठेव, पण मला कापू नको. नाईकाने अट घातली. "खाली गाव दाखवसान तं हेबी दाखवजा," तो म्हणाला, "का आमी संध्याकाळी वापस आलतो."

जीप वळेपर्यंत मी पाहत होते. पहिल्या घरापाशी एक बाई शेण-माती कालवायला बसली होती. तेवढंच. बाकी घरांचं मला माहीत नाही.

पुन्हा अमरावती

शलाकाने सुरुवात बदलली. आता ते चित्रण न तोडता पूर्ण येतं, भीमाबाईच्या चेहऱ्यापर्यंत, आणि त्याला जोडून ओढ्याकडून परतणारी माणसं; होळीआधी ती पुन्हा एकदा पोडावर जाऊन, विचारून, तेवढं चित्रण करून आली. तिच्या बाजूचे काही लोक म्हणाले, धार गेली. दुसऱ्या बाजूचे म्हणाले, बघा, यांच्याच माहितीपटात गाव सुखात आहे. सुनावणी झाली, निकाल अजून लागलेला नाही. इंग्रजी निवेदनात मी लिहिलं की गाव आज रिकामं आहे आणि दिवस मावळायच्या आत भरेल. त्या वाक्याखाली मी सही करू शकते.

राहिलं ते यंत्र. एका दुपारी उन्हासाठी खिडक्या लावून घेतल्या होत्या, तेव्हा शलाकाने त्यातला दिवस ऐकवला. माणसं दूर जातात. मग पाखरं, वारा, कडुनिंबाची सळसळ. भोंगा. सुरुंग. कौलं वाजून शांत होतात. आणि त्यानंतर दोरी करकरते. एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. पायाने झोका द्यावा तशी संथ, न चुकता. बराच वेळ. मग थांबते.

त्या वेळी पाळणा ओढ्याकाठी पळसाला होता. बाळाचा पाय त्यातून बाहेर आलेला मी पाहत होते.

मी कारणं मांडून पाहिली. एखादं सैल दार असेल. कडुनिंबाची फांदी असेल. सुरुंगाने आढं हललं असेल. शलाकाने ती सगळी ऐकून घेतली आणि पुन्हा एकदा तो भाग लावला. मग म्हणाली, हे घेतलं तर लोक म्हणतील मागाहून घातलं. आणि पोडावर सांगायचं नाही असं आम्ही कबूल केलेलं आहे. कोरी राख पाहून देव निघून गेला असं त्यांना वाटलं, तरी त्या दिवशी तिथे काहीतरी हललं हेसुद्धा सांगायचं नाही.

म्हणून तिने तो आवाज काढून टाकला आणि दुसरी शांतता वापरली. माहितीपट तुमच्यापर्यंत पोहोचला की सुरुवात लक्ष देऊन ऐका. ती पोडाची शांतता नाही. ती आपल्या मागच्या खोलीची आहे, आणि त्यात एकदा, अगदी हळू, माझ्या बांगड्या वाजतात.